खुब्याचे दुखणे आणि हातातली काठी

'कंबर धरली' असे म्हणत हात मात्र कुल्ह्यावर ठेवणारी माणसे आपल्याला नेहमी भेटतात. लावणी आटोपली की रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कोठेही जा, हीच तक्रार ऐकू येते. पण कंबर वेगळी, खुबा वेगळा. तेव्हा दुखते नेमके कुठे, हे आधी पाहावे.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असून ते कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरते. सुश्रुतसंहितेत हा सांधा 'उलूखल', म्हणजे उखळासारखा, म्हटला आहे. हे उखळ बरेच आत, जांघेमागे असते. म्हणून खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. मांडी घालवत नाही, उकिडवे बसवत नाही. कुल्ह्यातून निघालेली चमक पोटरीच्या खाली उतरत असेल, तर मूळ बहुधा मणक्यात असते.

गुरुजींनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. खुबा दुखत असून पोर 'गुडघा दुखतो' असे सांगते, कारण दोन्ही सांध्यांकडे जाणारे काही मज्जातंतू एकच आहेत. पोर लंगडते आहे आणि गुडघ्यावर सूज नाही की खरचटलेले नाही, म्हणून त्याला ढोंगी ठरवू नये. खुब्याचा एक्स-रे काढावा असे पालकांना सांगावे. त्यातून अंगात ताप असेल आणि पोर पायाला हात लावू देत नसेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

वडीलधाऱ्यांचा खुबा बहुधा झिजेने दुखतो. येथे काठी फार मोलाची. पण ती धरावी कोणत्या हातात? दुखऱ्या बाजूच्या, असेच कुणालाही वाटेल. ते चूक आहे. एका पायावर उभे राहा आणि खुबा म्हणजे तराजूची मधली आस समजा. एका अंगाला सगळ्या धडाचे वजन लांबच्या दांडीवर, दुसऱ्या अंगाला कुल्ह्याचा स्नायू अगदी आखूड दांडीवर. तोल सावरायला स्नायूला मोठा जोर लावावा लागतो, आणि वजन व जोर दोन्ही त्या आसेवर येतात. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर दीडशे किलोंहून अधिक भार पडतो तो असा! चांगल्या बाजूच्या हातातली काठी धडाला लांबून टेकू देते, स्नायूचे काम हलके होते. बाजाराची पिशवी मात्र दुखऱ्या बाजूच्याच हातात घ्यावी, हिशेब तोच. अंगचे वजन थोडे उतरले, तर खुब्याला त्याच्या अडीच-तीन पट सुटका मिळते. शेकाने बरे वाटते, पण स्नायू बळकट होतो तो कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलण्याच्या व्यायामाने. नाव-गाव नसलेल्या 'रामबाण' पुड्या घेऊ नयेत. त्यांत कधी स्टिरॉइड असते, आणि ते फार दिवस पोटात गेले, की खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच आटू शकतो. दारूचेही तसेच.

पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ धरते आणि आजी घसरते. उठवत नाही, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलेले: ही खुब्याचे हाड मोडल्याची खूण. तेल चोळू नये, पाय ओढू नये, 'चालून बघ' म्हणू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पाय आहे तसा उशांनी टेकवावा आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघावे. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झालेली बरी; अंथरुणाला खिळल्यावर छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, आणि म्हातारे माणूस दगावते ते बहुधा त्यानेच.

'या वयात कसली शस्त्रक्रिया?' असे घरोघर म्हणतात. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा व प्लास्टिकची वाटी बसवण्याची रीत स्थिर केली, ती मुख्यतः उतारवयातल्या रुग्णांसाठीच. सांधा बदलल्यावर पाटावर किंवा जमिनीवर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बसू नये. आजी घरी येण्याआधी उंच खुर्ची आणि शौचाला बसण्याची सोय करून ठेवावी.