खोकला धुळीचा की क्षयाचा?

दिवाळी आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यात पुंजणे लागतात, चुरणे सुरू होते आणि घरोघरी खोकला ऐकू येऊ लागतो. धानाची कुसे, तुसाची धूळ, पहाटेच्या शेकोटीचा धूर! कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "धूळ गेली जी नाकात." बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. तोंडाला ओला दुपट्टा बांधला, वाऱ्याकडे पाठ करून काम केले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. चुरणे संपले की घसा आपोआप मोकळा होतो.

पण ज्याचा खोकला दोन आठवडे उलटले तरी हटत नाही, संध्याकाळी अंगात कसकस येते, वजन उतरत चालले आहे किंवा थुंकीत रक्त दिसते, त्याचा खोकला धुळीच्या खात्यावर मांडून चालणार नाही. तो क्षय असू शकतो.

या रोगाचा अभ्यास आपल्याच विदर्भात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला झालेला आहे. तेथील कस्तुरबा रुग्णालयाची सुरुवात गांधीजींच्या हयातीतली. त्याच ठिकाणी 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था उभारली. या दवाखान्याने एके काळी आसपासच्या गावांतून पैशांऐवजी ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. शेतकऱ्याच्या हातात सुगीच्या वेळी काय असते हे ओळखून केलेली ही योजना मला आजही फार शहाणपणाची वाटते. असो.

2004 साली डॉ. मधुकर पै, तेथीलच डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णालयात काम करणाऱ्या व शिकणाऱ्या 726 जणांची तपासणी केली. त्यांत डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि वॉर्डात काम करणारे कर्मचारी असे सगळेच होते. कातडीत टोचून करायची जुनी चाचणी आणि रक्ताची नवी चाचणी, अशा दोन्ही केल्या. निम्म्या लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा शिरकाव झाल्याचे एका ना एका चाचणीत दिसले. नोकरीची वर्षे जितकी जास्त, तितके लागणीचे प्रमाणही जास्त. रुग्णाची सेवा करणारा माणूस किती जोखीम पत्करतो, हे यावरून कळावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जंतू शरीरात शिरणे म्हणजे आजारी पडणे नव्हे. बियाणे जमिनीत पडले तरी ओल मिळेपर्यंत ते उगवत नाही, तसेच हे आहे. लागण झालेल्या दहा जणांपैकी जेमतेम एखादा पुढे आयुष्यात कधी तरी आजारी पडतो. उपासमार, मधुमेह, विडी आणि दारू ही त्या जंतूला मिळणारी ओल.

जंतू पसरतो हवेतून. ताटवाटीतून किंवा कपड्यांतून नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे 1950 नंतरच्या दशकात क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने गच्चीवरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली, तेव्हा रुग्णाचे तोंडही न पाहिलेल्या त्या जनावरांना लागण झाली. तेव्हा भांडी वेगळी करण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवा. आपल्याकडे थंडीत खिडकीला पोते लावून, चुलीच्या धुरात सारे घर एकाच खोलीत झोपते. हे आधी बंद करायला हवे.

औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. सुरुवातीला लघवी लालसर होते. तो गोळीचा रंग असतो, घाबरू नये. दोन महिन्यांत माणूस हिंडूफिरू लागतो आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. धानावरच्या तुडतुड्यांवर अर्धवट मात्रेची फवारणी केली की उरलेले तुडतुडे त्या औषधाला दाद देत नाहीत, हे आपण बांधीत पाहिले आहे. जंतूचेही तसेच होते. मग उपचार लांबतो आणि जड जातो.

आता जेवणाचे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरुग्णांच्या घरच्या 10,345 माणसांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. सगळ्याच रुग्णांना शिधा दिला. पण एका गटात घरच्या माणसांनाही दिला, मोठ्या माणसामागे महिन्याला 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. त्या गटात नवे आजारी 39 टक्क्यांनी कमी झाले. शिवाय ज्या रुग्णाचे वजन पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्के वाढले, त्याच्या मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी घटला. तांदूळ आपल्या घरात आहेच. कमी पडते ती डाळ. धुऱ्यावरची तूर आणि उतेऱ्याचा हरभरा सगळाच बाजारात नेऊ नका, हे मी बियाण्याच्या सभेतही सांगत असतो.

आणखी एक जुना अनुभव सांगतो. मद्रासला 1956 पासून निम्मे रुग्ण आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना घरीच औषध दिले. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागण काही जास्त झाली नाही. हे सिद्ध होऊन साठ वर्षे उलटली, तरी आजही आजारी सुनेला माहेरी धाडतात आणि तिथे तिच्या गोळ्या सुटतात. सासूबाईंनी आणि मामंजींनी हे वाचावे म्हणूनच येथे लिहीत आहे. नेमाने गोळ्या घेणाऱ्या रुग्णापासून होणारा प्रसार थोड्याच आठवड्यांत फार कमी होतो. तिला घरातच ठेवा, हवेशीर जागी झोपवा, आणि घरातल्या लेकराबाळांसकट सगळ्यांची तपासणी करून घ्या.

तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीचे दोन नमुने द्यावे लागतात, त्यांतला एक सकाळी उठल्याउठल्याचा. आधी चूळ भरावी, मोकळ्या हवेत उभे राहावे, दीर्घ श्वास घेऊन छातीतून खाकरून बेडका काढावा. तोंडातली लाळ चालत नाही. रोग ठरला की पोषणासाठी सरकारकडून पैसे मिळतात. 2018 पासून महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. ते बँक खात्यात जमा होतात, म्हणून पहिल्याच दिवशी पासबुक सोबत न्यावे.