फुकटच्या संगणकाचा जमाखर्च

दुकानात नवा संगणक आला की जुना घरी येतो आणि दिवाणखान्यातील टीव्हीला जोडला जातो. ‘फुकटात काम झाले’, असे समाधान आपण मानतो. आमच्याकडेही तसेच घडले. चातुर्मासातील प्रवचनांची मुद्रणे त्यावर साठवली होती. आई ती रोज ऐकत असे. पुढे तिने ऐकणे सोडले. कारण विचारता म्हणाली, “महाराजांपेक्षा तुमचा डबाच मोठ्याने बोलतो.” उतारवयात भोवतालच्या आवाजातून बोलणे वेगळे काढणे कानांना जड जाते. टीव्हीचा आवाज वाढवून तो प्रश्न सुटत नाही.

या घरघरीचे मूळ उष्णतेत आहे. जुन्या संगणकांतील प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा बहुधा ६५ वॅट किंवा त्याहून अधिक असे. ती बाहेर टाकण्यास पंखे लागत. त्यात फिरणाऱ्या हार्डडिस्कची भर पडे. इंटेलने २०२३ मध्ये आणलेल्या एन१०० प्रोसेसरची मर्यादा ६ वॅट आहे. एवढी उष्णता अॅल्युमिनियमचे खाचदार कवचही बाहेर टाकू शकते. एसएसडीत तर फिरणारा भागच नसतो.

खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. एक, यंत्र खरोखर बिनपंख्याचे आहे का. ‘छोटा’ म्हणजे ‘शांत’ नव्हे, लहान पंख्याचा आवाज उलट अधिक टोचतो. दोन, एचईव्हीसी व एव्ही१ प्रकारची चित्रमुद्रणे प्रोसेसरच्या चित्र-विभागातच उलगडली जावीत, म्हणजे मुख्य भागावर ताण येत नाही. तीन, फोरके टीव्ही असल्यास एचडीएमआय किमान २.० असावे. चार, ठेवण्याची जागा मोकळी असावी. बंद कपाटात बिनपंख्याचे यंत्र तापते. आणि केवळ यूट्यूबच पाहायचे असेल, तर घरातील स्मार्ट टीव्ही पुरेसा आहे. काहीच घेऊ नये.

आता जमाखर्च. जुना संगणक ८० वॅट आणि नवा १० वॅट वीज घेतो, असे धरू. रोज सहा तास वापर असल्यास वर्षाला सुमारे १५३ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरल्यास १,५३० रुपये झाले. यंत्र समजा १५ हजारांचे असेल, तर ते केवळ विजेतून वसूल होण्यास जवळजवळ दहा वर्षे लागतील. जुना संगणक चोवीस तास चालूच राहत असेल, तर बचत ६१३ युनिटांवर जाते आणि अडीच वर्षांत वसुली होते. मात्र यातील मोठा भाग काम संपताच बटण बंद केल्यानेही वाचतो, आणि त्यास भांडवल लागत नाही.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. निष्कारण पाणी सांडणे, निष्कारण अग्नी पेटवणे ही त्यातील प्रमादचर्या होय. रिकाम्या खोलीत रात्रभर घरघरणारा संगणक याच खात्यात मांडावा लागेल.

म्हणून जुना संगणक घरी आणताना त्याची किंमत शून्य लिहू नये. आम्ही नवे यंत्र घेतले, ते विजेच्या हिशेबाने नव्हे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की आई आता पुन्हा टीव्हीसमोर येऊन बसते, आणि आवाज थोडा कमी करायला सांगते.