दारूमुक्तीचे समग्र समुपदेशन: काही समज आणि वस्तुस्थिती

दारू सोडू पाहणाऱ्या व्यक्तीला औषधांऐवजी योग, प्राणायाम आणि ध्यान दिले म्हणजे समग्र उपचार झाले, हा समज सर्वांत रूढ आहे आणि सर्वांत घातकही. समग्र पद्धतीत शरीर, मन, कुटुंब आणि रोजगार यांचा एकाच योजनेत विचार होतो, आणि त्या योजनेची पहिली पायरी वैद्यकीयच असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर काही तासांतच हात थरथरणे, घाम फुटणे, झोप उडणे अशी वियोगलक्षणे, म्हणजे दारूला सरावलेल्या मज्जासंस्थेची तिच्या अभावी उमटणारी प्रतिक्रिया, दिसू लागतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, तर काहींना साधारण दोन ते चार दिवसांनी भास आणि भ्रमाची ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था गाठते, जी उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. शिवाय दीर्घकाळ पिणाऱ्यांत थायमिन या ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते व ती तीव्र झाल्यास स्मृतीच ढासळते, त्यामुळे या काळातले समुपदेशन ऐकले जाते, पण टिकत नाही.

खडसावल्याशिवाय दारुडा सुधारत नाही, ही समजूतही अनुभवाला उतरत नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरणात्मक संवादाच्या पद्धतीत समुपदेशक वाद घालत नाही, तर सोडावे की सोडू नये या रुग्णाच्याच मनातील द्वंद्वाला वाचा फोडून बदलाची कारणे त्याच्याच तोंडून वदवून घेतो.

‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून जेवणात औषध मिसळणाऱ्या कुटुंबीयांची अगतिकता समजण्याजोगी असली, तरी हा मार्ग असमर्थनीय आहे. डायसल्फिरॅम हे औषध दारूच्या विघटनात तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड शरीरात साठू देते, त्यामुळे त्यावर दारू घेतल्यास उलट्या आणि धडधड होते, रक्तदाब उतरतो व क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिले जाते. कुटुंबाचे खरे काम पहारा देण्याचे नाही, कारण व्यसनाने तेही पोळलेले असते आणि त्यालाही समुपदेशन लागते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने निवासी उपचारांना कला, योग आणि कुटुंबीयांशी संवाद यांची जोड दिली, ती याच जाणिवेतून.

पुन्हा प्यायला म्हणजे उपचार वाया गेले, हा निष्कर्षही घाईचा असतो. एखादी घसरण आणि व्यसनाकडे पूर्णपणे परतणे यांत अंतर आहे, आणि ते बरेचदा ‘आता प्यायलोच आहे, तर उरले काय’ या विचाराने मिटते. या विचाराला आधीच उत्तर तयार ठेवणे हे पाठपुराव्यातील समुपदेशनाचे मुख्य काम होय.

मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. झटके किंवा भास सुरू झाले असल्यास मात्र दूरध्वनीत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.