लोणी कमी केलेली शुगर कुकी

शुगर कुकीत लोणी केवळ चवीसाठी नसते. मैद्याच्या कणांवर त्याचा थर बसतो, ग्लूटेनचे चिवट जाळे फारसे तयार होत नाही आणि कुकी खुसखुशीत होते. शंकरपाळ्यांत मोहन घालतो तेही याचसाठी. म्हणून लोणी सरसकट उडवून चालत नाही. साधारण तिसरा हिस्सा कमी करून त्याजागी घट्ट चक्का घालावा. चक्क्यात पाणी असल्याने पोत जरा केकसारखा मऊ येतो, तेवढे चालवून घ्यावे. पीठ जास्त मळू नये. तासभर फ्रीजमध्ये ठेवून लाटावे आणि १७५ अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटे, कडा जेमतेम रंगेपर्यंत भाजावे. मधला भाग मऊ वाटला तरी ट्रे बाहेर काढावा. गरम ट्रेवर तो शिजत राहतो.

खरी बचत आयसिंगमध्ये आहे. बटरक्रीम नकोच. आयसिंग शुगरमध्ये लिंबाचा रस थोडाथोडा घालून ढवळले, की चरबीशिवाय चकचकीत लेप तयार होतो. कुकी पूर्ण गार झाल्यावरच तो लावावा, नाहीतर ओघळतो. साखर मात्र तितकीच राहते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी ‘लो फॅट’ या शब्दांवर विसंबू नये.