सूर्यास्त किती वाजता?

मे महिन्यात खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या बाजारपेठा दुपारी अर्ध्या शटरआड विसावतात. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांनंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. सुट्टी लांबते आणि मुलांचे करायचे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. कोणी शिबिराची फी भरतो, कोणी मुलाच्या हाती मोबाइल देतो. तिसरा मार्ग मात्र घरातच रोज संध्याकाळी कानी पडतो. चौविहार करणारी आजी विचारते, "बाळा, आज सूर्यास्त किती वाजता आहे रे?"

मूल भिंतीवरचे कॅलेंडर पाहते आणि सांगते. त्या कॅलेंडरवर मुंबईच्या वेळा छापलेल्या असल्या, तर येथेच खरी गंमत सुरू होते. 24 मेच्या सुमारास मुंबईत सूर्य सायंकाळी सुमारे 7 वाजून 9 मिनिटांनी मावळतो. खामगावला तो साधारण 6 वाजून 57 मिनिटांनीच अस्ताला जातो. बारा मिनिटांची ही तफावत दुकानदाराला नगण्य वाटेल, पण आजीचा शेवटचा घास त्या बारा मिनिटांत गेला तर पच्चक्खाणाचे काय? सकाळी उलट घडते. सूर्योदयानंतर 48 मिनिटे धरून मुंबईची नवकारसी सुमारे 6:49 ला येते, खामगावची 6:32 लाच. तेथे चूक झाली तरी फार तर चहा उशिरा मिळतो.

हा फरक का पडतो, हे मुलाला लगेच सांगून टाकू नये. गच्चीवर एक सरळ काठी रोवावी, दोऱ्याला वजन बांधून केलेल्या ओळंब्याने ती उभी आहे ना हे पाहावे आणि सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने टिपू द्यावे. उन्हाची वेळ असल्याने डोक्यावर टोपी हवी आणि प्रत्येक खूण करून झाली की सावलीत परत यायचे. सावली सर्वांत आखूड होते ती बरोबर 12 वाजता नव्हे, खामगावला मेअखेरीस सुमारे 12:20 ला. मुंबईत राहणाऱ्या मावसभावाने हाच खेळ खेळला तर त्याला 12:35 सापडेल. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात आणि दोन्ही गावांत सुमारे पावणेचार अंशांचे अंतर आहे. पावणेचार चोक पंधरा! आजोबांना पाऊणकी पाठ असते. नातवाला ती पहिल्यांदाच कामाला येते. खामगाव मुंबईच्या थोडे उत्तरेला असल्याने उन्हाळ्यात येथला दिवस दोन्ही टोकांना तीनेक मिनिटांनी मोठा असतो. म्हणून सायंकाळचा फरक पंधराऐवजी बारा मिनिटांचा आणि सकाळचा सुमारे अठरा मिनिटांचा. मोठ्या मुलांनी हे वजाबाकी-बेरजेने पडताळावे.

दुपारच्या झळांत बाहेर पडणे शक्य नसते. तेव्हा घटिकापात्र करता येते. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातील पाण्यात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडत. ती बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. दोन घटिकांचे सामायिक, साठ घटिकांची अहोरात्र. पातळ पत्र्याची डबी घेऊन मोठ्यांनी सुईने छिद्र पाडून द्यावे. डबी सात मिनिटांतच बुडाली तर छिद्र मेणाने बुजवून अधिक बारीक सुई घ्यायची. चोवीस मिनिटे साधायला दोन-तीन दुपारी सहज लागतात, आणि पाणी? बादलीभर गाळलेले तेच पाणी पुन्हा पुन्हा चालते. पाणीटंचाईच्या दिवसांत ही सोय लहान नाही.

ताराबाई मोडक (1892–1973) यांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले; पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी पाने, खडे, शिंपले अशा भोवतालच्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. विकत आणलेल्या महागड्या संचांवाचून मूल शिकते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. हौशी पालकांचा अडथळा वेगळाच असतो. काठी रोवताच ते वही उघडतात, तक्ता आखतात, पाहुण्यांसमोर उत्तरे वदवून घेतात. चौथ्या दिवशी मूल गच्चीवर फिरकत नाही. खडूच्या खुणा वाकड्या आल्या तर येऊ द्याव्यात. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच विचारते, "कालची खूण इथे का नाही?"

वेळही साधून आलेली असते. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या गावाच्या नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. लोणारला हा दिवस साधारण 20 मेला येतो, बुलढाण्याला 23, खामगावला 24 आणि मलकापूरला 25 मेच्या सुमारास. बुलढाण्यात दुपारी 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास गच्चीवर तयार असावे. जुलैच्या विशीत सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते आणि मुलेही शाळेत गेलेली असतात.