मोटारीचें निदान

गेल्या श्रावणांत मंगळागौरीसाठीं पेणहून नागोठण्याच्या वाटेनें रोह्यास निघालों असतां, वडखळ ओलांडून डोलवीपाशीं आमची मोटार गचके देऊं लागली. वर पाऊस, मागें पोलादाच्या कारखान्याच्या अवजड वाहनांची रांग, गाडींत सूनबाई व नातवंडें, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला! याच विकारासाठीं पंधरा दिवसांपूर्वीं एका गॅरेजांत इंजेक्टर धुवून घेऊन आम्ही साडेचार हजार रुपये मोजले होते.

माधवनिदान या ग्रंथांत रोगांचें निदान सांगितलें आहे, औषधें नाहींत. मोटारीच्या बाबतींतही आधीं निदानच हवें. जुन्या कार्ब्युरेटरांत इंजिनाच्या श्वासाबरोबर पेट्रोल ओढलें जाई. इंजेक्शनच्या साध्या गाडींत टाकींतील विजेचा पंप तें वातावरणाच्या सुमारें तिप्पट-चौपट दाबानें पुढें रेटतो, आणि आंत किती हवा आली हें पाहून संगणक इंजेक्टर किती क्षण उघडावयाचा तें ठरवितो. (२०२० पासूनच्या बहुतेक स्कूटरींतही इंजेक्शनच आहे.) म्हणून पंप, गाळणी, हवा, वीज यांपैकीं कोणाचाही अपराध बिचाऱ्या इंजेक्टरच्या माथीं बसतो.

गाडी सुरूच होत नसेल तर किल्ली अर्धी फिरवून मागील आसनाकडे कान द्यावा. दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकूं आली पाहिजे. न आल्यास प्रथम फ्यूज व रिले पाहावेत, पंप मागाहून. इंजिन चालू असतां लांब स्क्रूड्रायव्हरचें टोक इंजेक्टरवर टेकून मूठ कानास लावावी. फिरत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून मात्र दूर राहावें. सर्वांची टिकटिक सारखी हवी. एखादा मुका असल्यास आधीं त्याची तार तपासावी. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जळत आहे. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें पाणी शोषून घेतें. कोंकणच्या दमट हवेंत महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवणारांनीं हें ध्यानांत धरावें.

पेट्रोलची नळी घरीं कदापि सोडवूं नये. इंजिन बंद केल्यावरही तींत दाब राहतो, आणि तापलेल्या इंजिनावर फवारा उडाल्यास आग लागूं शकते.

डोलवीस पुतण्यानें गाडी कडेला घेतली व स्टिअरिंगखालच्या सॉकेटांत छोटें यंत्र जोडून सांकेतिक आंकडा वाचला: पी ०१७१. "काका, मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें आहे एवढेंच हा सांगतो. कां, तें आपण शोधायचें." शोधतां इंजिनाकडे जाणारी हवेची एक बारीक रबरी नळी टोकाशीं चिरलेली सांपडली, तींतून सूं सूं करीत भलतीच हवा आंत शिरत होती. त्यानें इंजिन बंद करून चिरलेलें टोक कापलें व नळी पुन्हा घट्ट बसविली. इंजेक्टर निर्दोष होते. पुढें नवीन नळी दोनशें रुपयांत मिळाली.

रोह्यास पोहोंचलों तेव्हां पूजा आटोपली होती, परंतु रात्रीचे खेळ व्हावयाचे होते.