अरण्य हेंच देऊळ

जपानांतील की द्वीपकल्पांत कुमानो नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. हजार वर्षांहून अधिक काळ यात्रेकरू तेथील अरण्यवाटा चालत आले आहेत. वाटेवर ‘ओजी’ या नांवाचीं लहान शिंतो देवस्थानें लागतात. पुष्कळ ठिकाणीं मात्र आतां केवळ एक खुणेची शिळा दिसते.

देवस्थानांत शिरण्याचा विधि साधा आहे. ‘तोरी’ नांवाच्या, दारें नसलेल्या कमानीपाशीं नमस्कार करावयाचा. ओगराळ्यानें पाणी घेऊन प्रथम डावा, मग उजवा हात धुवावयाचा व चूळ भरावयाची. देवापुढें दोनदां लवून, दोन टाळ्या वाजवून पुन्हां एकदां लवावयाचें. दर्शनास मूर्ति बहुधा नसते. नाची येथें तर १३३ मीटर उंचीचा धबधबा हाच देव होय. वृक्ष, शिळा, जलौघ यांच्या ठायीं देवाचा वास मानल्यामुळें भोंवतालची राई ही देवळाची शोभा नव्हे. तें देऊळच होय.

१९०६ सालीं सरकारला याचा विसर पडला. एका गांवास एकच देवस्थान असावें, म्हणजे त्याची निगा नीट राहील, असें धोरण निघालें. पुढील दहाएक वर्षांत सुमारें ७०,००० देवस्थानें मोडलीं गेलीं आणि अनेक ठिकाणच्या देवराया लांकडासाठीं विकल्या गेल्या.

ह्याविरुद्ध तानाबे येथील निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) उभे राहिले. राई तुटली कीं पक्षी जातात, पक्षी गेले कीं पिकांवर कीड वाढते, आणि गांवकऱ्यांचें एकत्र येण्याचें स्थानही नाहींसें होतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९१० सालीं अधिकाऱ्यांच्या सभेंत घुसल्याबद्दल त्यांना कारावास घडला. पुढच्याच वर्षीं लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनीं त्यांचीं पत्रें छापून विद्वानांत वांटलीं. अखेर १९२० सालीं वरिष्ठ सभागृहानें हें धोरण निरुपयोगी ठरविलें.

नोनाका गांवच्या ओजीचे कांहीं प्रचंड ‘सुगी’ वृक्ष मिनाकातांच्या खटपटीनें वांचले. बाकीचे कुऱ्हाडीखालीं गेले. उरलेल्यांच्या फांद्या दक्षिणेस, नाचीच्या दिशेला, पसरल्या आहेत. २००४ सालीं ह्या यात्रामार्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. मोडलेलें देऊळ पुन्हां बांधतां येतें. शतकांचा वृक्ष पुन्हां उभारतां येत नाहीं.